वीस महिन्यांचा हिशेब

शेफील्डच्या क्रुसिबल नाट्यगृहात जेमतेम 980 खुर्च्या आहेत. मे 2025च्या पहिल्या आठवड्यात त्या खुर्च्यांवरच्या लोकांना रॉनी ओ'सुलिवन खेळताना कमी आणि बसलेला जास्त दिसला. स्नूकरच्या जागतिक अजिंक्यपदाची उपांत्य फेरी होती. पहिलं सत्र 4-4 असं सुटलं होतं. दुसऱ्या सत्रात समोरच्या डावखुऱ्या पोराने आठच्या आठ फ्रेम, म्हणजे डाव, खिशात घातल्या. सात वेळचा जगज्जेता खुर्चीत, आणि टेबलावर लाल चेंडू एकामागून एक गायब होतायत. शेवटचा आकडा 17-7, तोही एक अख्खं सत्र शिल्लक ठेवून. पुढे अंतिम सामन्यात पन्नाशीतला मार्क विल्यम्सही 18-12 असा हरला.

झाओ शिनतोंग. तेव्हा वय 28, जन्म चीनमधल्या शिआनचा. पहिला चिनी जगज्जेता, पहिला आशियाई जगज्जेता. हा खेळ आपल्या जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये 1875 साली सुरू झाला असं मानतात आणि त्याची जागतिक स्पर्धा 1927 पासून चालू आहे. तो चषक आशियात यायला 98 वर्षं लागली. गंमत म्हणजे झाओ तेव्हा कागदोपत्री 'हौशी' होता. व्यावसायिक दौऱ्याचं कार्ड त्याला पुढच्या हंगामापासून मिळणार होतं, म्हणून पात्रतेच्या चार फेऱ्यांपासून सुरुवात करून एकूण नऊ सामने त्याने जिंकले. पाच लाख पौंडांचं बक्षीस घरी नेणारा हौशी!

या हौशीपणामागचं कारण मात्र गमतीचं नाही. तो वीस महिन्यांची बंदी भोगून आला होता. म्हणूनच तो जिंकला त्याच रात्री तो जुना प्रश्न पुन्हा निघाला: फिक्सिंगच्या प्रकरणात नाव आलेल्या माणसाला खेळाच्या सर्वोच्च पायरीवर उभं राहू द्यावं का? दारातून आत घेणं एक वेळ समजू, पण थेट गादीवर?

माझं उत्तर 'हो' आहे. पण हे 'हो' बरेच जण ज्या कारणासाठी म्हणतात, म्हणजे 'एवढा गुणी मुलगा आहे, सोडून द्या', त्या कारणासाठी अजिबात नाही. गुणांवरून माफी द्यायची तर सुमार खेळाडूने जायचं कुठे?

आधी झाओने नेमकं काय केलं ते पाहू, कारण इथेच लोक घोटाळा करतात. 2022च्या ऑक्टोबरमध्ये लियांग वेनबो या अनुभवी चिनी खेळाडूला निलंबित केलं गेलं. डिसेंबर उजाडला तसे एकेक मोहरे पडू लागले, आणि 3 जानेवारी 2023ला झाओचा नंबर लागला. एकूण दहा खेळाडू, सगळे चिनी. त्याच वर्षी जूनमध्ये निकाल लागला. लियांग आणि ली हांग या दोघांना तहहयात बंदी. लू निंगला पाच वर्षं चार महिने. यान बिंगताओ आणि चेन झिफानला प्रत्येकी पाच वर्षं. बाकीच्यांना दोन ते तीन वर्षांच्या आतबाहेर. सगळ्यात कमी शिक्षा झाओला: मूळची अडीच वर्षं, गुन्हा लवकर कबूल केला म्हणून एक वर्ष आठ महिन्यांवर आलेली.

त्याच्यावर दोन गोष्टी सिद्ध झाल्या. दुसऱ्या खेळाडूने, म्हणजे यानने, दोन सामने फिक्स केले त्यात तो सामील होता. आणि तो स्वतः स्नूकरच्या सामन्यांवर पैसे लावत होता. स्वतःचा एकही सामना त्याने विकला नाही. त्याचे चाहते हे शेवटचं वाक्य तेवढं छातीठोकपणे सांगतात, टीकाकार तेवढंच गाळतात. मला दोघांचाही कंटाळा आलाय. सामना विकला नाही हे खरं आणि महत्त्वाचं. पण ज्याच्याशी अंतिम सामने खेळायचे तो मित्र सामने सोडतोय हे ठाऊक असणं, आणि नुसतं ठाऊक असणं नव्हे तर त्यात हात असणं, ही काही वाटेत सापडलेली पैशाची पिशवी नव्हे.

आणि अंतिम सामन्याचं मी उगीच म्हटलं नाही. फेब्रुवारी 2022 मध्ये बर्लिनला जर्मन मास्टर्सच्या अंतिम सामन्यात झाओने यानला 9-0 असं धुतलं होतं. मानांकन स्पर्धेच्या दोन सत्रांच्या अंतिम सामन्यात एकही फ्रेम न देता जिंकणं त्याआधी फक्त दोघांना जमलं होतं: 1989 साली स्टीव्ह डेव्हिसला आणि 2020 मध्ये नील रॉबर्टसनला. त्या सामन्याबद्दल कोणीही आरोप केलेला नाही, मीही करत नाही. पण आज तो आकडा वाचताना वाचणाऱ्याच्या मनात क्षणभर जे येतं, ते येतंच. फिक्सिंगचं विष म्हणजे हेच. ते विकलेल्या सामन्यापुरतं थांबत नाही, स्वच्छ खेळलेल्या सामन्यावरही त्याचा डाग उमटतो.

स्नूकरमध्ये तर ही शंका फेडणं फारच कठीण. पुण्यात कॉलेजच्या दिवसांत आम्ही एका पार्लरमध्ये जायचो. हरेल त्याने टेबलाचे पैसे द्यायचे, हा नियम. आमच्यातला एक जण ठरावीक माणसाशी खेळताना नेहमी हरायचा, कारण त्या माणसाच्या वडिलांकडे त्याला नोकरी हवी होती. पॉट, म्हणजे चेंडू खिशात घालायचा फटका, इतका बेमालूम चुकवायचा की शेजारी उभ्या आम्हाला पत्ता नाही. पार्लरमध्ये गुण मोजणाऱ्या मार्करला मात्र संशय होता, पण तोही शपथेवर सांगू शकला नसता. बारा फुटी टेबल, साडेबावन्न मिलिमीटरचा चेंडू, खिशाच्या जबड्यात केसाएवढी चूक. नो-बॉल निदान रेषेवरून दिसतो. इथे तर जगातला सर्वोत्तम खेळाडूही दिवसातून चार वेळा प्रामाणिकपणे तसाच चुकतो. सापडायचं ते मग टेबलावर नाही. ते सापडतं सट्ट्याच्या आकड्यांमध्ये आणि फोनमधल्या संदेशांमध्ये.

म्हणून या खेळाला शिक्षा कडक हवी, यात वाद नाही. वाद आहे तो तिच्या मापाचा आणि तिच्या शेवटाचा.

भारतीय वाचकाला हे मापाचं प्रकरण जरा परकं वाटेल. आपल्याकडे क्रिकेटमध्ये आपण एक तर जन्मठेप देतो, नाही तर विसरून जातो. अझरुद्दीनवर 2000च्या डिसेंबरमध्ये तहहयात बंदी आली. ती उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवली 2012 मध्ये. मधल्या काळात, बंदी असतानाच, 2009 साली तो मुरादाबादमधून खासदार होऊन बसला होता. म्हणजे मैदानावर चालत नाही, संसदेत चालतो! 2013च्या आयपीएल प्रकरणात मुंबईचा डावखुरा फिरकीपटू अंकित चव्हाण आणि श्रीशांत यांच्यावर अशीच तहहयात बंदी आली. दिल्लीच्या न्यायालयाने 2015 मध्ये त्यांना आरोपमुक्त केलं, तरी मंडळाची बंदी कायम. मग कधी तरी ती सात वर्षांवर आली. चव्हाणला मैदानाचं दार प्रत्यक्षात उघडलं 2021च्या मध्यावर, वयाची पस्तिशी गाठल्यावर. त्याची बाजू बरोबर होती की मंडळाची, हे मी इथे ठरवत नाही. माझं म्हणणं एवढंच की, या आठ वर्षांत त्या माणसाला नक्की किती शिक्षा आहे हे कुणालाच, त्यालाही, सांगता येत नव्हतं. शिक्षेला लांबी नसेल तर ती शिक्षा कसली, ती नुसती टांगणी.

स्नूकरच्या शिस्तपालन आयोगाने दहा जणांचा एकच गठ्ठा केला नाही, हे त्याचं मोठं काम मला वाटतं. कोणी दुसऱ्यांना ओढलं, कोणी धमकावलं, कोणी पुरावे नष्ट केले, कोण दबून एका सामन्यात फसला, कोणी नुसती साथ दिली, हे वेगवेगळं मोजलं. संघटनेचे अध्यक्ष जेसन फर्ग्युसन यांनी तेव्हा जाहीर सांगितलं की, दोन ज्येष्ठ खेळाडूंच्या दबावामुळे तरुण पोरं नियम मोडून बसली. या मोजमापाला अर्थ कधी राहील? पाच वर्षं म्हणजे पाच आणि वीस महिने म्हणजे वीस, असं असेल तरच. वीस महिने भोगून आल्यावरही 'तू खेळ, पण जिंकू नकोस' म्हणायचं असेल, तर तहहयात आणि वीस महिने यांत फरक तो काय उरला? मग पुढच्या वेळी सापडलेला पोरगा कबूल कशाला होईल?

जे लोक झाओवर आज नाक मुरडतात त्यांना मी एक नाव विचारतो: जॉन हिगिन्स. 2010 मध्ये कीव्हमध्ये एका इंग्रजी वृत्तपत्राच्या छुप्या कॅमेऱ्यात हिगिन्स फ्रेम हरण्याच्या बदल्यात पैसे घेण्याच्या बोलण्यात सापडला. मुख्य आरोप मागे घेतला गेला, पण घडलं ते ताबडतोब कळवलं नाही वगैरे कारणांसाठी सहा महिने बंदी आणि 75,000 पौंड दंड झाला. परत आला आणि डिसेंबरमध्येच यूके चॅम्पियनशिप जिंकला. पुढच्या वर्षी 2011चं जागतिक अजिंक्यपदही त्याचंच. आज तो या खेळातला आदरणीय वडीलधारा आहे, आणि असायलाही हरकत नाही. दोन प्रकरणं तंतोतंत सारखी नाहीत, झाओचं जास्त गंभीर आहे. म्हणून तर त्याला सहाऐवजी वीस महिने. पण एका स्कॉटिश माणसाचं परत येणं 'झुंजार पुनरागमन' आणि चिनी माणसाचं 'खेळाला काळिमा', हे मला पटत नाही. 2013 मध्ये स्टीफन ली या इंग्लिश खेळाडूला सामने फिक्स केल्याबद्दल बारा वर्षांची बंदी झाली, तेव्हा 'इंग्लिश स्नूकर सडलंय' असं कुणी लिहिल्याचं मला तरी आठवत नाही.

क्रिकेटवाल्यांना मोहम्मद आमिर आठवत असेल. 2010 मध्ये लॉर्ड्सवर टाकलेले ते नो-बॉल, वय 18, कर्णधारासकट तिघांचा कट, आमिरला पाच वर्षं बंदी आणि इंग्लंडमध्ये तुरुंगवासही. आणि मग 18 जून 2017, ओव्हल, चॅम्पियन्स करंडकाचा अंतिम सामना: रोहित शून्यावर, कोहली पाचवर, मग धवनही, तिघेही आमिरचेच बळी. त्या दुपारी महाराष्ट्रातल्या घराघरांत टीव्हीसमोर जी शांतता पसरली, त्यात 'याला खेळायला कसं दिलं' असं म्हणणारे होतेच. पण प्रामाणिकपणे आठवून पाहा, तो आपल्या संघाविरुद्ध शून्य बळी घेऊन गेला असता तर ही हरकत आपण घेतली असती का? परत येऊन हरणारा कुणाला खुपत नाही, जिंकणारा तेवढा खुपतो. ज्या तत्त्वाला निकाल लागल्यावरच जाग येते, त्याला मी तत्त्व म्हणणार नाही.

आता दुसरी बाजू, जी मला खरोखर अडवते. बंदी संपल्यावर झाओ 2024-25च्या हंगामात क्यू टूर नावाच्या खालच्या दौऱ्यात उतरला आणि त्यातल्या चार स्पर्धा जिंकून बसला. या दौऱ्यात कोण खेळतं? दिवसा नोकरी करून संध्याकाळी सराव करणारे, वर चढायची एकुलती शिडी धरून लटकलेले लोक. त्यांच्यात यूके चॅम्पियन सोडणं म्हणजे तालुक्याच्या जत्रेत महाराष्ट्र केसरी उतरवण्यासारखं. त्यांच्यापैकी कुणी आयुष्यात कधी सामन्यावर रुपया लावला नसेल, आणि त्याचं कार्ड हुकलं ते बंदी भोगून आलेल्या माणसामुळे. हा अन्याय आहे. त्याला 'नियमच तसा' एवढंच उत्तर देऊन मला मोकळं होता येत नाही. खालूनच यायला लावणं हा शिक्षेचाच भाग, हे मान्य. पण ती किंमत त्याच्याऐवजी दुसऱ्यांनी मोजली. अशा खेळाडूसाठी वेगळी पात्रता फेरी, ज्यातून कुणाचं कार्ड कापलं जाणार नाही, एवढं संघटनेला सहज करता आलं असतं.

'परिस्थितीने केलं' हे समर्थनही मला अर्धंच पटतं. परिस्थिती होती, आणि वाईट होती. डिंग जुनहुई 18 वर्षांचा असताना 2005 मध्ये बीजिंगला स्टीफन हेंड्रीला 9-5 हरवून चायना ओपन जिंकला, आणि चीनमध्ये स्नूकरची लाट आली. डिंगच्या वडिलांनी मुलाच्या सरावासाठी राहतं घर विकल्याची गोष्ट तिकडे प्रत्येक घरात ठाऊक. मग हजारो आईबापांनी तोच जुगार लावला. जी पोरं वर आली ती शेफील्डला पोहोचली, कारण व्यावसायिक स्पर्धांचा मोठा भाग ब्रिटनमध्ये. विशीच्या आतबाहेरची, इंग्रजी येत नाही, दिवसभर अकादमीत सराव, रात्री फ्लॅटमध्ये सगळे आपलेच. अशा घोळक्यात चाळिशीकडे झुकलेला, नाव कमावलेला ज्येष्ठ खेळाडू म्हणजे मोठा भाऊ, दुभाषी आणि सावकार एकाच अंगात. त्यात कोव्हिड आला आणि चीनमधल्या मोठ्या बक्षिसांच्या स्पर्धा बंद पडल्या. दौऱ्यावर 128 खेळाडू, आणि कित्येक स्पर्धांत पहिल्या फेरीत हरलेल्याला छदामही नाही. प्रवास, भाडं, जेवण स्वतःचं. आपला पंकज अडवाणी 2012 ते 2014 हा दौरा खेळून पाहून भारतात परतला. या पोरांना असं परतणं म्हणजे घर विकलेल्या बापासमोर उभं राहणं होतं. प्रत्येक खेळाडूला हंगामाचे किमान 20,000 पौंड मिळतील अशी हमी संघटनेने दिली ती 2022-23च्या हंगामापासून, म्हणजे घोटाळा फुटला त्याच वर्षी. दोन-तीन वर्षं आधी दिली असती तर दहाचा आकडा कदाचित कमी दिसला असता.

पण याच काळात, याच शहरात, सी जियाहुई नावाचा विशीतला चिनी मुलगा होता. एप्रिल 2023 मध्ये दहा जण निलंबित असताना तो जागतिक स्पर्धेच्या उपांत्य फेरीत पोहोचला, लुका ब्रेसेलविरुद्ध 14-5 असा पुढे गेला आणि 17-15 असा हरला. त्यालाही भाडं भरायचंच होतं. त्याने कुणाला फ्रेम विकली नाही. परिस्थितीचं समर्थन देताना आपण सी जियाहुईसारख्यांचा अपमान करतो, हे लक्षात ठेवलेलं बरं. आणि झाओ तर पैशाच्या अडचणीतलाही नव्हता. डिसेंबर 2021 मध्ये यॉर्कला ब्रेसेललाच 10-5 हरवून त्याने यूके चॅम्पियनशिप आणि दोन लाख पौंड मिळवले होते.

या सगळ्यात ज्याला कुणी शिक्षा दिली नाही तो पक्ष मात्र वेगळाच. यान बिंगताओने जानेवारी 2021 मध्ये हिगिन्सला 10-8 हरवून मास्टर्स जिंकलं, त्या स्पर्धेच्या नावातच बेटफ्रेड ही सट्ट्याची कंपनी होती. झाओने यानला 9-0 हरवलं ती बर्लिनची स्पर्धाही सट्टेबाजीच्याच एका ब्रँडने पुरस्कृत केलेली. हिगिन्स 2011 मध्ये बंदीवरून परतून जिंकला त्या जागतिक स्पर्धेचा प्रायोजक, पुन्हा बेटफ्रेड. ब्रिटनमध्ये सट्टा कायदेशीर आहे, आणि संशयास्पद आकडे बहुतेक वेळा याच कंपन्या कळवतात, हे मान्य. पण अंगरख्यावर, टेबलामागच्या फलकावर, करंडकाच्या नावात सट्टा लिहायचा आणि एकोणीस वर्षांच्या पोराला सांगायचं की, तू मात्र फोनवरचं ते ॲप उघडू नकोस. दारूच्या दुकानाच्या पायरीवर व्यसनमुक्तीचा वर्ग भरवल्यासारखं झालं हे. खेळाडूला वीस महिने मोजून दिलेत, मग प्रायोजकाच्या पैशाला मोजमाप का नाही?

झाओबद्दल माझा प्रश्न मिटलेला आहे. कठीण प्रश्न पुढे उभा आहे, आणि त्याचं नाव यान बिंगताओ. त्याने सामने खरोखर फिक्स केले. त्याची पाच वर्षं संपतात 11 डिसेंबर 2027ला. तेव्हा तो 27 वर्षांचा असेल, म्हणजे झाओ जगज्जेता झाला त्या वयापेक्षा एकाने लहान. जगज्जेता होण्याइतकं वय त्याच्याकडेही आहे, आणि बंदीआधीचा खेळ पाहिला तर ताकदही. झाओसाठी 'त्याने स्वतः सामना विकला नाही' या वाक्याचा आधार घेणाऱ्यांना यानसाठी ते वाक्य उपलब्ध नाही. तो एखाद्या थंड हॉलमध्ये पन्नास प्रेक्षकांसमोर पात्रता फेरी खेळायला उतरेल, सोपा काळा चेंडू चुकवेल, कारण पाच वर्षांनी कुणीही चुकवतो, आणि हॉलमधली पन्नासही माणसं एकमेकांकडे बघतील. त्याला तेव्हा खेळू द्यायचंच आहे. मी म्हणालो तसं, पाच म्हणजे पाच. पण त्या हॉलमध्ये मी असेन तर मीही शेजारच्याकडे बघेन, हेही इथे लिहून ठेवतो.